काय झाडी, काय डोंगार... आणि ७६८ मतं!

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

होस्टेलवर आलो त्या पहिल्या रात्री रूम पार्टनरनं विचारलं, "गाव कुठलं रे?" मी म्हटलं, "सांगोला, जिल्हा सोलापूर." माझ्या बॅगेची चेन पण अजून उघडली नव्हती, तोवर तिघंही एका सुरात ओरडले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" तेव्हापासून आजपर्यंत माझी यातून सुटका नाही. मेसचे काका सुद्धा भात वाढताना विचारतात, "काय सांगोलकर, ओक्के मदी हाय ना?"

मित्रांनो, यात त्यांचा काही दोष नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडखोर आमदारांचा मुक्काम गुवाहाटीच्या हॉटेलात पडला. तेव्हाचे आमचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी तिथून एका कार्यकर्त्याला फोनवर तिथलं वर्णन ऐकवलं आणि ते रेकॉर्डिंग महाराष्ट्रभर वाजलं. आमच्या माणदेशात पाऊस कमी, झाडी त्याहून कमी, तेव्हा बापूंना तिथली हिरवाई भावली तर नवल नाही! पण बापू आमदार कसे झाले होते हे कुणी विचारत नाही. किती मतांनी? तर फक्त ७६८! आमच्या कॉलेजच्या एका वर्षाला याच्यापेक्षा जास्त पोरं असतील.

या ७६८ चा आमच्या घराशी जवळचा संबंध आहे, तो पुढे सांगतोच. त्याआधी माझ्या मतदारसंघाची खरी गोष्ट ऐका. 'इंजिनिअरिंगच्या मासिकात राजकारण कशाला' असं वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा, गणित भरपूर आहे.

बासष्ट वर्षं आणि चार माणसं

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ मध्ये झाली. तिथपासूनचा सांगोल्याचा हजेरीपट असा आहे :

१९६२, १९६७ : गणपतराव देशमुख (शेतकरी कामगार पक्ष)
१९७२ : काकासाहेब साळुंखे (काँग्रेस)
१९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९० : गणपतराव देशमुख
१९९५ : शहाजीबापू पाटील (काँग्रेस)
१९९९, २००४, २००९, २०१४ : गणपतराव देशमुख
२०१९ : शहाजीबापू पाटील (शिवसेना)
२०२४ : डॉ. बाबासाहेब देशमुख (शेतकरी कामगार पक्ष)

मोजून बघा. पोटनिवडणूक धरून १५ निवडणुका आणि आमदार झालेली माणसं फक्त चार! त्यातल्या अकरा वेळा एकच माणूस. आणि २०२४ ला निवडून आलेले बाबासाहेब हे त्यांचेच नातू. (बाई मात्र एकदाही नाही, हेही याच यादीतून दिसतं.)

पेपरात 'अकरा वेळा आमदार, देशातला विक्रम' असं बऱ्याचदा छापून येतं. ते तेवढं खरं नाही. केरळात पाला नावाच्या मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले. पण आपल्या महाराष्ट्रात अकराचा आकडा म्हणजे डोंगरच. आपण एखाद्या विषयात सलग चार सेमिस्टर पास झालो तरी पार्टी देतो!

हा माणूस जिंकायचा कसा?

गणपतराव मूळचे सांगोल्याचे नव्हेत. ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली करायला सांगोल्यात आले आणि सांगोल्याचेच झाले. पक्ष शेकाप, म्हणजे १९४७-४८ च्या सुमारास शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून काढलेला लाल बावट्याचा पक्ष. राज्यात बहुतेक काळ सत्ता दुसऱ्यांची. गणपतराव मंत्री झाले ते दोनदाच : १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारात. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. तरीही लोक निवडून देत राहिले.

याचं कारण मी तात्यांना (म्हणजे माझ्या आजोबांना) विचारलं. तात्या जुने लाल बावटेवाले. ते म्हणाले, "आरं, आमदार येष्टीत भेटायचा. काम असलं तर येष्टीतच सांगायचं, उतरेस्तोवर त्यो लिहून घ्यायचा."

हे झालं भावनेचं. पण भावनेवर अकरा निवडणुका निघत नाहीत. खरं कारण पाणी. सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी पट्टा. माण नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच जास्त. त्यामुळे आमच्याकडे राजकारण पाण्याभोवतीच फिरतं. १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव ही त्यातली पुढची माणसं. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालंच पाहिजे, ही मागणी. स्थापत्यवाल्यांनी टेंभू योजना अभ्यासली असेल. कराडजवळ कृष्णेचं पाणी अडवायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत आटपाडी, सांगोल्याकडे आणायचं. आपल्यासाठी ती 'हेड' आणि 'डिस्चार्ज'ची गणितं, आमच्याकडे ती निवडणुकीची भाषणं! जोडीला शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी, आणि गावोगाव पक्षाची माणसं. एखादी इमारत एका खांबावर उभी राहत नाही, तसंच हे.

पण हे खांब दोनदा हलले, आणि पुढे गणपतराव उभे नसताना आणखी एकदा. माझ्या मते सांगोल्याचा इतिहास समजून घ्यायचा तर अकरा विजयांपेक्षा हे पराभवच जास्त शिकवतात.

१९२ आणि ७६८

पहिला पराभव १९७२ चा. तेव्हा देशभर काँग्रेसची लाट होती. पुढे जागा रिकामी झाली आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत गणपतरावांनी ती परत घेतली.

दुसरा १९९५ चा. हा भलताच! शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसचे तरुण उमेदवार. ते जिंकले १९२ मतांनी. त्या काळी मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका होती. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला, तर कुणाला द्यायचं हे कळत नाही म्हणून मत बाद. तात्या सांगतात, मोजणीच्या दिवशी गावात एका ट्रान्झिस्टरभोवती अख्खी आळी बसली होती आणि निकाल ऐकून कितीतरी वेळ कुणी उठलंच नाही. आमच्या घरात तर दोन तट. तात्या लाल बावट्याचे आणि माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ते बापूंचे. त्या रात्री नाना गुलाल खेळून आले आणि तात्या न जेवताच झोपले.

तिसरा धक्का २०१९ चा. गणपतरावांनी नव्वदी ओलांडलेली, त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू, पण आता शिवसेनेकडून. राष्ट्रवादीच्या दीपक साळुंखे यांचा गटही बापूंच्या बाजूनं होता. निकाल लागला :

शहाजीबापू पाटील : ९९,४६४
अनिकेत देशमुख : ९८,६९६
फरक : ७६८

म्हणजे बघा, बापू दोनदा आमदार झाले, त्यात २४ वर्षांचं अंतर, पक्ष वेगवेगळे, आणि दोन्ही विजयांची मताधिक्यं मिळवली तर होतात ९६०. दोन अख्ख्या आमदारक्या ९६० मतांत!

आता गणित. दोघांची मिळून मतं होतात १,९८,१६०. त्यात ७६८ म्हणजे ०.३९ टक्के. आपल्या इलेक्ट्रिकलच्या लॅबमधला चांगला मीटर अर्ध्या टक्क्याची चूक 'चालतंय की' म्हणून सोडून देतो. तेवढ्याही नसलेल्या फरकावर पाच वर्षांचा आमदार ठरला.

आणि फरक भरून काढायला ७६८ माणसं लागतात असंही नाही. एका माणसानं बाजू बदलली की इकडचं एक कमी आणि तिकडचं एक जास्त, म्हणजे फरक दोनानं घटतो. ३८४ जणांनी बाजू बदलली असती तर दोघांनाही बरोबर ९९,०८० मतं! मग काय? कायद्यात त्याचंही उत्तर आहे. समसमान मतं पडली तर निवडणूक अधिकारी चिठ्ठी टाकून निकाल देतात. आणि ३८५ जणांनी बदलली असती तर आमदारच बदलला असता. मग गुवाहाटीचा फोनही नाही आणि मला होस्टेलवर कुणी 'काय झाडी' म्हणून चिडवलंही नसतं! एका बूथवर दीड हजारापर्यंत मतदार असायचे. ३८५ म्हणजे एका भरलेल्या बूथचा जेमतेम पाव हिस्सा.

एकशे चोपन्न खोल्या

आता आमच्या घरची गोष्ट. २०१९ ला मी नववीत होतो. माझा दादा चाकणच्या एका कंपनीत नुकताच लागलेला. मतदान होतं २१ ऑक्टोबरला, सोमवारी. तात्यांनी फोन केला, "येतूस ना?" दादा म्हणाला, "तात्या, शुक्रवारी धनत्रयोदशी. दिवाळीला यायचंच आहे. एका आठवड्यात दोनदा भाडं कशाला? आणि माझ्या एका मतानं काय फरक पडतोय? आबासाहेबांचा मतदारसंघ आहे तो." त्याच्या खोलीवर आमच्याच तालुक्यातली पाच पोरं राहायची. पाचही गेली नाहीत.

गुरुवारी, २४ तारखेला निकाल. शुक्रवारी दादा मिठाईचा बॉक्स घेऊन दारात. तात्या ओट्यावर बसलेले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुझ्या खोलीवं तुमी किती जण?"

"पाच."

"मंग अशा किती खोल्या आसतील रं पुण्यात?"

दादा काहीच बोलला नाही. रात्री मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. ७६८ भागिले ५. उत्तर १५३.६, म्हणजे १५४ खोल्या. पुणे, पिंपरी, चाकण, मुंबई, शिवाय आमच्याकडची गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली माणसं. सगळी धरली तर १५४ खोल्या सहज निघतील असं तेव्हा मला वाटलं.

पण नानांनी माझं गणित एका वाक्यात मोडलं. म्हणाले, "आरं येड्या, ती पोरं आली आसती तर निम्मी बापूला पडली आसती. फरक वाढलाबी आसता!" आणि हे खरंच आहे. मी सगळ्या खोल्या एकाच बाजूच्या धरल्या होत्या, 'असम्प्शन' चुकलं होतं. न आलेली माणसं कुणाकडे झुकली असती हे कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की न आलेल्यांची संख्या फरकापेक्षा मोठी होती. म्हणजे निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, तो आलेल्यांनी जेवढा ठरवला तेवढाच न आलेल्यांनीही ठरवला.

गणपतराव ३० जुलै २०२१ ला गेले. त्या दिवशी तात्यांबरोबर नानासुद्धा जेवले नाहीत.

मतदारसंघ म्हणजे नेमकं काय?

इथं थोडं थिअरीचं. 'सांगोला मतदारसंघ १९६२ पासून' असं आपण म्हणतो, पण तो तोच राहिलेला नाही. थर्मोमध्ये पहिलं काय शिकवतात? 'सिस्टिम'ची सीमा आखा. इथंही तसंच. १९६२ ला महाराष्ट्र विधानसभेच्या जागा होत्या २६४, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ ला २८८. दर वेळी सीमा सरकल्या. २००८ च्या पुनर्रचनेत, २००१ च्या जनगणनेवरून, पुन्हा रेघा ओढल्या गेल्या आणि २००९ पासून नवा नकाशा लागू झाला. त्यात आमचा क्रमांक २५३. पूर्ण सांगोला तालुका आणि शेजारच्या पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ. त्याआधी लोकसभेला आम्ही पंढरपूरमध्ये होतो, मग माढ्यात गेलो. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणार, असं घटनेत लिहिलेलं आहे. तेव्हा १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ यांची तुलना करताना मोजपट्टी मध्येच बदलली आहे हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, फक्त इतर प्रत्येकापेक्षा जास्त लागतात. याचं ताजं उदाहरण म्हणजे २०२४. या वेळी लढत तिरंगी झाली :

डॉ. बाबासाहेब देशमुख (शेकाप) : १,१६,२५६
शहाजीबापू पाटील (शिवसेना, शिंदे) : ९०,८७०
दीपक साळुंखे (शिवसेना, ठाकरे) : ५०,९६२

फरक २५,३८६. मोठा विजय! पण तिघांच्या बेरजेत बाबासाहेबांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१९ ला साळुंखे गट बापूंबरोबर होता, २०२४ ला वेगळा लढला. लगेच कॅल्क्युलेटर काढून दोन आणि तीन नंबरची बेरीज करण्याचा मोह होतो. ती १,४१,८३२ येते, म्हणजे विजेत्यापेक्षा जास्त. पण थांबा! मतं म्हणजे स्केलर नव्हेत, वेक्टर आहेत. त्यांना दिशा असते. साळुंखे उभे नसते तर त्यांची सगळी मतं बापूंकडेच गेली असती असं कुणी सांगावं? नुसती बेरीज करणाऱ्याला मेकॅनिक्समध्ये शून्य मिळतं, राजकारणातही तेच.

अजून एक गंमत. २०१४ ला गणपतरावांनी शेवटची निवडणूक जिंकली ती ९४,३७४ विरुद्ध ६९,१५० अशी. फरक २५,२२४. दहा वर्षांनी नातवाचा फरक २५,३८६. जवळजवळ तेवढाच! मधे मात्र ते ७६८. आणि २०२४ ला राज्यात शेकापची एकच जागा आली, ती ही.

मग माझ्या मताचं काय झालं?

२०२४ ला मी पहिल्यांदा मतदार झालो. मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी. गुरुवारी सकाळी सबमिशन. फाईल अर्धी, शिट्स बाकी. पार्टनर म्हणाला, "वेडा आहेस का? एका मतासाठी रात्रभर येष्टी?" अगदी दादाचंच वाक्य! मी मंगळवारी रात्री स्वारगेट गाठलं. सकाळी घरी पोचलो तर दादा माझ्या आधीच हजर, दाढी करून, तात्यांना मोटरसायकलवर बसवून न्यायच्या तयारीत. मत दिलं, बोटाला शाई लागली, जेवलो आणि उलट पावली निघालो. (कुणाला दिलं ते विचारू नका. घरात तात्याही आहेत आणि नानाही!) सबमिशन उशिरा झालं. किती मार्क गेले हे संबंधित सरांना माहीत आहे.

शनिवारी निकाल लागला, २५,३८६. मेसमध्ये सगळे माझ्यावर तुटून पडले. "बघ! तुझं मत असतं नसतं तरी काय फरक पडला असता?" मला उत्तर सुचेना. गणितानं त्यांचं बरोबर होतं. मी तात्यांना फोन लावला. तात्या हसले. म्हणाले, "आरं, पंचीस हजाराचं साल हाय का सातशाचं, हे मत टाकायच्या आदी कुणाला दिसतं का?"

मित्रांनो, मला वाटतं माझ्या मतदारसंघाचा सगळा इतिहास या एका वाक्यात आला. १९९५ ला आणि २०१९ ला घरी राहिलेल्या प्रत्येकाला वाटलं होतं की हे पंचवीस हजाराचं साल आहे. आपण पूल बांधताना 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' धरतो तो रोजच्या गाडीसाठी नाही, एखाद्याच दिवशी येणाऱ्या त्या जड गाडीसाठी. आणि तो दिवस कोणता, हे आधी माहीत नसतं.

आता कामाचं. अठरा पूर्ण झाली असतील आणि नाव लावलं नसेल तर अर्ज नमुना ६ भरा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा आता धरतात, त्यामुळे 'माझा वाढदिवस फेब्रुवारीत' ही सबब चालत नाही. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी किंवा इथं, कुठंही एका ठिकाणी नाव ठेवता येतं. गावी जाणं जमणार नसेल तर इथं लावा. आणि आपला मतदारसंघ कोणता, तिथं शेवटचा फरक किती होता, एवढं एकदा काढून बघा. मग तो आकडा आपल्या खोलीतल्या पोरांच्या संख्येनं भागा.

माझं उत्तर १५४ आलं होतं. तुमचं किती येतंय?